एकाच रांगेत येण्यासाठी लागलेले शतक

१/ अमेरिकेत डॉक्टरांच्या पदव्या दोन : एम.डी. आणि डी.ओ. आपत्कालीन वैद्यकाच्या रेसिडेन्सीसाठी आज दोघे एकाच रांगेत असतात. पूर्वी तसे नव्हते. 🧵

२/ १८९२ : अँड्र्यू टेलर स्टिल यांनी मिसुरीतील कर्क्सव्हिल येथे ऑस्टिओपॅथीचे पहिले विद्यालय स्थापन केले. भर होता हस्तोपचारांवर. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने त्यांना बहिष्कृत मानले, डी.ओ. मंडळींनी स्वतःची रुग्णालये उभारली.

३/ १९६२ : कॅलिफोर्नियात सुमारे २,००० डी.ओ. ६५ डॉलर शुल्क भरून एम.डी. झाले. शिक्षण तेच, पदवी नवी! मग भेद उरला कशात? १९६९ मध्ये असोसिएशननेच आपली दारे उघडली.

४/ १९७० : सिनसिनाटी विद्यापीठात आपत्कालीन वैद्यकाची पहिली रेसिडेन्सी सुरू झाली. पुढे डी.ओ. संस्थांनीही स्वतंत्र रेसिडेन्सी चालवल्या.

५/ २०१५ ते २०२० : दोन्ही व्यवस्था एका मान्यतेखाली आल्या. काही लहान डी.ओ. रेसिडेन्सी मात्र या बदलात बंद पडल्या.

६/ भेद पूर्णतः मिटला का? डी.ओ. विद्यार्थ्यांची परीक्षा कॉमलेक्स. तरीही निवडीत मागे पडू नये म्हणून अनेक जण एम.डीं.ची यूएसएमएलईही देतात. रांग एक झाली. स्वतःला सिद्ध करण्याचे ओझे अजून समान नाही.