गाण्याचे तिकीट, दानाची पावती



आज तुम्हाला १९२१ सालच्या एका नाटकाची गोष्ट सांगते. गोष्ट नाटकाची असली तरी मुद्दा दानाचा आहे, आणि तो आपल्या मंडळाच्या कामाचा आहे.

१ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड काढायचे ठरले. बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने तीन आकडे समोर ठेवले: एक कोटी सभासद, वीस लाख चरखे आणि एक कोटी रुपये. मुदत होती ३० जून १९२१. गांधीजी सभांतून बायकांना दागिने मागत आणि बायका बांगड्या, पाटल्या काढून देत. श्रीमंतांनी हजारांनी दिले, गरिबांनी आण्यांनी दिले, आणि कोटीचा आकडा गाठला गेला.

या फंडासाठी मुंबईत एक अचाट गोष्ट घडली. त्या वेळी मराठी रंगभूमीवर दोन नावे गाजत होती. एक गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व, म्हणजे नारायणराव राजहंस. दुसरे ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले. दोन कंपन्या, दोन मालक आणि दोघांचे प्रेक्षक म्हणजे जणू दोन पक्षच. घराघरात वाद होत, तुझा गवई मोठा की माझा. हे दोघे ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकाच रंगमंचावर उभे राहिले. नाटक होते ‘मानापमान’. केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. ‘संयुक्त मानापमान’ म्हणून हा प्रयोग अजून ओळखला जातो. तिकिटाचा सर्वात वरचा दर होता १०० रुपये. साध्या कारकुनाच्या महिन्याच्या पगारात ते तिकीट येत नव्हते. तरीही थिएटर भरले. फंडाला हजारो रुपये मिळाले आणि प्रेक्षकांना जन्मभर सांगायला एक रात्र मिळाली.

नाटकाची निवडही नेमकी होती. ‘मानापमान’ लिहिले कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी. ते टिळकांच्या ‘केसरी’तले, त्यांच्या जवळचे सहकारी. नारायणरावांना ‘बालगंधर्व’ हे नाव टिळकांमुळे मिळाले असे सांगतात. नाटकाची कथाही तशीच. श्रीमंत घरची भामिनी धैर्यधराला गरीब म्हणून नाकारते आणि मग पैशापेक्षा माणसाचे मोल मोठे हे तिला कळते. पैसा गोळा करायला पैशाचा तोरा उतरवणारे नाटक लावले होते.

या गोष्टीला दुःखाची एक कडाही आहे. त्या प्रयोगानंतर तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव भोसले वारले. वय अवघे एकतीस. बालगंधर्वांच्या कंपनीवरही पुढे डोईजड कर्ज निघाले आणि त्यांनी ते वर्षानुवर्षे नाटके करून फेडले. म्हणजे ज्यांनी दिले त्यांच्या घरात पैशाच्या राशी पडल्या होत्या असे नाही. त्यांच्याकडे गळा होता, त्यांनी गळ्याचे दान केले.

आता ही गोष्ट आज का सांगते ते सांगते. ज्ञानपंचमी येते आहे. आपल्या म्हसावदला, सातपुड्याच्या पायथ्याशी, वरच्या पाड्यांतून मुली शिकायला उतरतात. त्यांच्या वह्या-पुस्तकांसाठी आणि फीसाठी काही रक्कम उभी करावी असे मंडळात निघाले. एकीने सुचवले, गाण्याची संध्याकाळ ठेवू, बाजूला पुस्तकांचे टेबल लावू आणि तिकीट ठेवू. लगेच दोन तट पडले. एका काकींचे म्हणणे असे, “द्यायचे तर सरळ द्यावे. गाणे ऐकून पैसे दिले तर ते दान कसले? ती करमणूक झाली.” एका तरुण सुनेचे म्हणणे असे, “काकी, नुसता डबा फिरवला तर दहा-दहाच्या नोटा पडतील. गाणे असेल तर घरातले सगळे येतील.” दोघींचेही चुकत नाही. म्हणून जुन्या लोकांनी काय केले ते पाहू या.

गाणे आणि दान यांची सांगड काही आपल्याच देशात बसली नाही. १३ एप्रिल १७४२ रोजी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात हँडेल नावाच्या संगीतकाराची ‘मसीहा’ ही मोठी संगीतरचना पहिल्यांदा सादर झाली. ती झाली तीच मुळी धर्मादायासाठी. उत्पन्नाचे वाटेकरी आधीच ठरले होते: दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात पडलेले कैदी. त्या काळी तिथल्या बायका मोठ्या कड्यांचे घेरदार झगे घालत. आयोजकांनी वर्तमानपत्रातून विनंती केली की बायकांनी कड्या न घालता यावे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवाव्यात, म्हणजे जास्त माणसे बसतील. दाटीवाटीने सातशे माणसे बसली. सुमारे चारशे पौंड जमले आणि १४२ कैदी कर्जमुक्त होऊन घरी गेले. झग्याचा घेर कमी केल्याने कैदी सुटतो, हे त्या बायकांना कळले. लग्नकार्यात मांडव सजवताना मला ही गोष्ट हटकून आठवते.

दुसरे उदाहरण आपल्या हयातीतले. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला पंडित रविशंकर आणि त्यांचे शिष्य-मित्र जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. एकाच दिवशी दोन खेळ, मिळून चाळीस हजार श्रोते. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ यांनी वाद्ये जुळवून घेतली, तेवढ्यालाच लोकांनी टाळ्या दिल्या, ही गंमत पुष्कळांनी ऐकली असेल. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे लगेच गेले. पण ध्वनिमुद्रिका आणि चित्रपटातून आलेली मोठी रक्कम करखात्याच्या वादात वर्षानुवर्षे अडकून पडली, कारण संस्थेच्या नावाची कागदपत्रे कार्यक्रमाच्या आधी झाली नव्हती. मी कॉमर्सची. मला या मैफलीत सतारीइतकाच हा कागदाचा धडा मोलाचा वाटतो. मन मोठे असले तरी नोंद वेळेवर हवी. भुकेल्या माणसाला दहा वर्षांनी पोचलेला पैसा काय कामाचा?

शब्द पाळण्याचाही एक धडा आहे. त्याच टिळक स्वराज्य फंडाच्या काळात कोलकात्याच्या प्रसिद्ध गायिका गौहरजान यांना गांधीजींनी मदत मागितली, अशी एक गोष्ट सांगतात. त्यांनी अट घातली की गांधीजींनी स्वतः मैफलीला यावे. गांधीजींना येणे जमले नाही. पैसे न्यायला दुसरे पुढारी गेले तेव्हा बाईंनी जमलेल्या रकमेतले अर्धेच दिले. शब्द अर्धा पाळला, तर रक्कमही अर्धी. समाजाने ज्या गायिकांना मान दिला नाही त्यांच्याकडून दान मात्र घेतले, हे त्यातले दुखणे. देणाऱ्याचा मान राखणे हाही दानाचाच भाग आहे.

आता आपल्या महाराष्ट्रातले नंतरचे उदाहरण. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आणि त्यांच्या सोबतच्या मातब्बर नटनट्यांनी आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ हे विनोदी नाटक गावोगावी केले. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. घरदार बाजूला ठेवून समाजाचे काम करणाऱ्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडे मानधन मिळावे, हा हेतू. त्याची रचना बघा. जमलेली रक्कम मुद्दल म्हणून ठेवायची आणि व्याजातून मानधन द्यायचे. लोक दोन-तीन तास पोटभर हसले आणि घरी गेले. त्या हसण्याच्या व्याजावर कुणाचे तरी घर वर्षानुवर्षे चालले.

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचे तर आपल्याला घरच्यासारखे माहीत आहे. पुलंच्या प्रयोगांचे आणि पुस्तकांचे पैसे त्यांच्या प्रतिष्ठानातून किती संस्थांना गेले! पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले, तेही त्यांच्या देणगीच्या आधारावर. लोकांना हसवले पुलंनी, पण पैशाचा हिशोब, करारमदार आणि कुठे द्यायचे याची पारख सुनीताबाईंची. स्टेजवर टाळ्या घेणाऱ्याइतकेच मागे वही सांभाळणाऱ्या बाईचे काम मोठे असते, हे आपल्या मंडळातल्या खजिनदारीणबाईंनी ध्यानात घ्यावे.

पुस्तकांच्या टेबलाबद्दलही कुणी नाक मुरडले होते, की पुस्तके कोण घेते हल्ली. त्यावर आपल्याच परंपरेतली एक बाई उभी करते. सुमारे हजार वर्षांपूर्वी कर्नाटकात अत्तिमब्बे नावाची श्राविका होऊन गेली. नवरा चालुक्यांचा सेनापती, तो लढाईत गेला. उरलेले आयुष्य तिने दानात घालवले, म्हणून ‘दानचिंतामणी’ हे तिचे बिरुद. तिने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती ताडपत्रावर लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नव्हता. एकेक प्रत म्हणजे लिहिणाऱ्याचे कित्येक महिने. रन्न कवीलाही तिनेच आश्रय दिला आणि त्याने ९९३ साली अजितपुराण पूर्ण केले. लक्कुंडीचे जिनालय तिने बांधले, ते आजही उभे आहे.

आणि हे काही जुन्या काळातच संपले नाही. मूडबिद्रीच्या भांडारात शतकानुशतके बंद असलेला ‘धवला’ हा ग्रंथ डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित करून १९३९ पासून सोळा खंडांत छापून आणला. छपाई सुरू झाली ती आपल्या अमरावतीहून आणि तीही विदिशाच्या एका शेठजींनी दिलेल्या निधीतून. आपण श्वेतांबर असू वा दिगंबर, ज्ञानाचे कुलूप उघडायला पैसे देणे हे शास्त्रदानच. पाड्यावरच्या मुलीच्या हातात भूगोलाचे पुस्तक देणे हेही त्याच जातीचे.

आता काकींच्या प्रश्नाकडे येते. गाणे ऐकून दिलेला पैसा दान होतो का?

आपल्याकडे करणे, करविणे आणि अनुमोदन देणे अशा तिन्ही वाटा मानल्या आहेत. गाणारा करतो, आयोजन करणारी करविते, ऐकायला येणारी अनुमोदन देते. तत्त्वार्थसूत्रात दानाचा कस चार गोष्टींवर लावला आहे: विधी, द्रव्य, दाता आणि पात्र. म्हणजे देण्याची रीत, दिलेली वस्तू, देणाऱ्याचे मन आणि घेणाऱ्याची योग्यता. देताना आनंद होऊ नये असे त्यात कुठेही नाही. उलट कुढत दिलेल्या दानापेक्षा हसत दिलेले बरे.

पण काकींच्या बोलण्यातला कणा मी सोडणार नाही. तिकिटाच्या पैशातले मुलींपर्यंत किती पोचते, यावर सगळे आहे. शंभरातले सत्तर मांडव, माइक, नाश्ता आणि हारतुऱ्यांत गेले तर ती करमणूकच झाली, आणि वर पुण्याचा टिळा लावला तर आपण स्वतःलाच फसवले. बालीवाला थिएटरची ती रात्र दान ठरली, कारण गाणाऱ्यांनी आपल्यासाठी काही ठेवले नाही आणि पैसा कुणासाठी हे आधी जाहीर होते.

म्हणून बैठकीत मी चार गोष्टी मांडणार आहे.

एक, पैसा कशासाठी आणि कोणत्या मुलींसाठी हे तिकिटावरच छापावे. मुलींची नावे मात्र व्यासपीठावर पुकारू नयेत. घेणाऱ्याचा मान आधी.

दोन, खर्च आपल्यातल्या घरांनी वेगळा उचलावा. एकीने माइक, एकीने पाणी, एकीने सभागृह. तिकिटाचा रुपया पूर्णच्या पूर्ण मुलींना जावा.

तीन, गाणाऱ्याने बिदागी सोडली तर उत्तम. पण तो गरीब असेल तर त्याची बिदागी खर्चात धरून सन्मानाने द्यावी. दुसऱ्याच्या पोटावर आपले दान उभे करू नये.

चार, आठ दिवसांत हिशोब उपाश्रयाच्या फळ्यावर लागावा. जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, आणि ती कुठे गेली. काही रक्कम मुद्दल म्हणून ठेवता आली तर पुढच्या वर्षी मुलींना पुन्हा हात पसरावा लागणार नाही.

ज्यांना गुप्तदान करायचे आहे त्यांच्यासाठी दाराशी बंद पेटी असेलच. काकींनी त्यात टाकावे, सुनेने तिकीट घ्यावे. वहीत दोन्हींची जमा वेगवेगळ्या ओळींवर होईल, बेरीज एकच येईल. आणि काकींचा आवाज चांगला आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पहिले स्तवन त्यांनीच म्हणावे असे मी सुचवणार आहे.

जय जिनेंद्र.