ग्रंथदिंडीचं कूळ

बेळगावच्या पश्चिमेला, राकसकोप धरणाच्या अंगाला बेळगुंदी. या गावाचं स्वतःचं मराठी साहित्य संमेलन भरतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमनी इथेही भरतं. सुरुवात ग्रंथदिंडीने. पालखीत ग्रंथ, पुढे टाळकरी, डोक्यावर कळस घेतलेल्या बायका. पुढारीही त्या दिवशी पालखीमागून चालतात, निदान मांडवापर्यंत तरी!

दिंडी मुळात वारकऱ्यांची. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली. साहित्य संमेलनांनी त्याच पालखीत पुस्तकं ठेवली. सीमाभागात मात्र या रिवाजाला निराळी धार चढली. मे 1946 मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. आणि तेच बेळगाव 1 नोव्हेंबर 1956 ला म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं. सीमावादावरच्या महाजन आयोगानेही 1967 साली ते तिकडेच ठेवावं असं सांगितलं. पुढे कन्नडची सक्ती आली. जून 1986 च्या आंदोलनात गोळीबार झाला, माणसं गेली, बेळगुंदीचीही. हाती सत्ता नसलेल्यांनी आपला मान ठेवायचा कुठे? इथल्या लोकांनी तो पालखीत ठेवला.

सत्तेऐवजी ग्रंथात मान ठेवण्याच्या या स्वभावाचं एक फार जुनं कूळ हिब्रू शास्त्रात सापडतं. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या फौजांनी यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं हद्दपार केली. जे परतले त्यांच्या डोक्यावर इराणचा बादशहा होता. नहेम्याच्या पुस्तकाचा आठवा अध्याय त्या काळातला. पाणीवेशीपुढच्या चौकात लाकडी मंच, त्यावर एज्रा शास्त्री. पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राचं वाचन चालतं, बाया-पुरुष ऐकतात, मंदिराचे सेवक लेवी अर्थ उलगडून सांगतात. लोकांना रडू फुटतं, तेव्हा त्यांना बजावलं जातं की आज रडायचं नाही. गोडधोड खा आणि ज्याच्या घरी काही नाही त्याला वाटा पाठवा. स्वतःचा राजा नाही, तट नुकता कुठे उभा राहिलेला, पण सगळं गाव एका ग्रंथाभोवती जमलेलं.

पाचच अध्यायांनंतर, ज्याच्या नावाने हे पुस्तक आहे तो सुभेदार नहेम्या बिथरतो. पोरं शेजारच्या अश्दोदची भाषा बोलतात, यहुद्यांची भाषा त्यांना येत नाही, म्हणून तो त्यांच्या काही बापांना मारतो, केस उपटतो. तळमळ समजते, पण हीही सक्तीच. जिने सक्ती सोसली त्या बेळगुंदीने नहेम्यासारखा हात उचलू नये. बाजारात कन्नड बोलावं, घरात मराठी वाचावी. कन्नडशी वैर धरून मराठीचं एक पानही जास्त वाचलं जात नाही. एज्राचा मंच खरा, कारण तिथे अर्थ समजावून सांगणारी माणसं होती.

या सीमाभागासाठी सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा 2004 साली दाखल झाला. निकाल लागायचा तेव्हा लागो. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी एखाद्या संमेलनाला जरूर यावं आणि येताना लहान मुलांची पुस्तकं आणावीत.