हेराल्ड: नट-बोल्टवरची गाडी

गाडीचं छप्पर काढायला काय लागतं? बहुतेक गाड्यांना गॅस कटर. ट्रायम्फ हेराल्डला मात्र पाना पुरतो! आणि यामागे कुणा डिझायनरची हौस नाही, चक्क धंद्यातली अडचण आहे.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनी आपल्या छोट्या गाड्यांच्या बॉड्या फिशर अँड लडलोकडून घ्यायची. १९५३ साली हा पुरवठादार बीएमसीने, म्हणजे थेट स्पर्धकानेच विकत घेतला. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेंडरच समोरच्या पार्टीत गेला. आता नव्या गाडीची बॉडी करणार कोण? तोवर बॉडी आणि चॅसिस एकजीव करायची पद्धत रुळली होती. पण हेराल्डसाठी उलटा रस्ता धरला गेला: चॅसिस वेगळी, आणि वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेले बॉडीचे तुकडे तिच्यावर बोल्टने जोडायचे. या तुकड्यांना देखणं रूप दिलं तुरीनच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी.

एप्रिल १९५९ मध्ये गाडी आली. छप्पर सुटंच होतं, त्यामुळे १९६० मध्ये कन्व्हर्टिबल काढणं सोपं गेलं. १९६२ ची स्पिटफायर याच चॅसिसला आखूड करून बनली. आपल्याकडेही १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड बनू लागली. इंग्लंडमधलं उत्पादन १९७१ मध्ये थांबलं.

आज जुनी हेराल्ड पुन्हा उभी करणाऱ्याला हीच अडचण वरदान वाटते. एकजीव गाडी गंजली की कापाकापी आली. इथे सडलेला भाग सोडवा, दुसरा बसवा. अख्खं बॉनेट पुढे उलटतं, त्यामुळे इंजिनवर काम करणंही सोपं. पण कन्व्हर्टिबलमध्ये एक मेख आहे. छप्पर नसल्यामुळे बॉडीचा पुढचा आणि मागचा भाग फक्त खालीच जोडलेला असतो. दारांच्या जागी आडव्या पट्ट्या न लावता बॉडी उचलली, तर ती वाकते आणि मग दारं काही केल्या लागत नाहीत. परत बसवताना बॉडीखाली पातळ चकत्या घालून दाराची फट जुळवत बसायचं, हे खरं चिकाटीचं काम.

आणि हो, जे सहज सुटतं ते सहज बदलताही येतं. म्हणून साध्या सलूनचं छप्पर काढून "कन्व्हर्टिबल" झालेल्या गाड्याही बऱ्याच आहेत. अस्सल गाडीच्या नंबर प्लेटवर नाही, तर कारखान्याच्या पट्टीवर आकड्यापुढे "सीव्ही" ही अक्षरं असतात.

मग अशी बदललेली गाडी खोटी म्हणायची का? मला विचाराल तर, नाही. वर्षानुवर्षं गंजत पडण्यापेक्षा ती रस्त्यावर धावलेली बरी. फक्त विकताना ते लपवू नये. कारण रंग नवा चालतो, सीट नवे चालतात, पत्रासुद्धा नवा चालतो. पण गाडीचा इतिहास नवा बनवला की ते रिस्टोरेशन उरत नाही, फसवणूक होते.

असो. पुढच्या वेळी जुनी गाडी आवडली तर आधी पॉलिश बघू नका, ती पट्टी वाचा!