पिनांचा इतिहास : पंधरा ते चोवीस

चार्जर घरी विसरला की आज आपण शेजाऱ्याला सहज विचारतो, "सी पिनवाला आहे का?" वीस वर्षांपूर्वी या प्रश्नात आधी कंपनीचे नाव यायचे. नोकियाची पिन वेगळी, सॅमसंगची वेगळी, सोनी एरिक्सनची आणखी वेगळी. हा बदल आपोआप झालेला नाही. त्यामागे स्पर्धा आहे, तडजोड आहे आणि शेवटी कायदाही आहे.

१९५२ मध्ये अमेरिकेतील कॅनन कंपनीने (कॅमेऱ्याची कॅनन ती वेगळी) अनेक पिनांचा एक कनेक्टर आणला. त्याचे पत्र्याचे आवरण इंग्रजी 'डी' अक्षराच्या आकाराचे होते. त्यामुळे तो उलटा बसतच नसे. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणले, तेव्हा हाच आकार घेतला: तीन ओळींत १५ पिना. लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचा संकेत वेगवेगळ्या तारांतून जायचा, आणि चित्राची आडवी-उभी वेळ सांभाळायला आणखी दोन तारा असायच्या.

२००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय आले. हिताची, सोनी, फिलिप्स, तोशिबा यांच्यासह सात कंपन्यांनी मिळून ते ठरवले होते. १९ पिनांतून चित्र आणि आवाज दोन्ही डिजिटल स्वरूपात जाऊ लागले. पण ते वापरणाऱ्या उत्पादकाला परवाना शुल्क भरावे लागते. पुढे डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही मोठ्या उत्पादकांनी २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करण्याचे जाहीर केले.

अशा निर्णयाची झळ कुठे पोहोचते, ते मी पाहिले आहे. एका शाळेत देणगीत मिळालेला प्रोजेक्टर फक्त व्हीजीएचा होता आणि नव्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय. दोन्ही यंत्रे ठणठणीत, पण मधला अडॅप्टर येईपर्यंत मुले फळ्यावरच्या आकृतीवर भागवत होती.

यूएसबीची गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. तिच्यामागच्या इंटेलच्या चमूचे प्रमुख नाव अजय भट्ट. त्यांचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले. संगणकाला प्रिंटर जोडणेही सामान्य माणसाला जड जाते, ते सोपे व्हावे, हा त्यांचा आग्रह होता. इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक यांच्यासह सात कंपन्या एकत्र आल्या आणि जानेवारी १९९६ मध्ये पहिली आवृत्ती निघाली. तारा फक्त चार: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. इंटेलने या तंत्रावर रॉयल्टी घेतली नाही. ते जगभर पसरण्याचे हे एक मोठे कारण. ती पिन उलटी-सुलटी कशीही बसावी अशी करणे तेव्हाही शक्य होते, पण तारा आणि सर्किट वाढून खर्च वाढला असता. स्वस्त राहावी म्हणून ती एकाच बाजूने बसणारी ठेवली.

ती उणीव २०१४ च्या टाइप-सीने भरून काढली. २४ पिना दोन्ही बाजूंना अशा मांडल्या आहेत की कशीही लावा, चालते. वीज, माहिती आणि चित्र तिन्ही त्याच तोंडातून जाऊ शकतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा केला आणि २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोबाईल, टॅबलेट व कॅमेऱ्यांना तारेने चार्ज करण्यासाठी हीच पिन सक्तीची झाली. २०१२ पासून स्वतःची ८ पिनांची जोडणी चालवणाऱ्या ॲपलने आयफोन १५ ला २०२३ मध्येच टाइप-सी दिली. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचे मानक जाहीर केले आहे.

तरी सावध राहावे. तोंड सारखे म्हणून केबल सारखी नसते. काही टाइप-सी केबलमधून चार्जिंग होते, पण पडद्यावर चित्र येत नाही. म्हणून शाळेसाठी, मदरशासाठी किंवा वाचनालयासाठी यंत्र देणाऱ्यांना एकच विनंती: देण्याआधी तिथे जाऊन, तिथल्या यंत्राला ते जोडून पाहा. यंत्र बिघडले म्हणून बाजूला पडले तर समजू शकते. पिन जुळत नाही म्हणून पडून राहिले, तर नुकसान विद्यार्थ्यांचे होते.