बर्फावरचे कंदाहार (थ्रेड)

जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे स्कीपटूंचा एक लाडका उतार आहे. त्याचे नाव ‘कंदाहार’. इटलीत सेस्त्रिएरे आणि फ्रान्समध्ये शामोनीजवळ लेझूश येथेही याच नावाचे उतार आहेत. हे अफगाण शहर आल्प्सच्या बर्फात पोहोचले कसे?

त्याचे मूळ एका पराभवात आहे. २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे अयूबखानाने ब्रिटिशांच्या एका ब्रिगेडचा धुव्वा उडवला. ती प्रामुख्याने मुंबई इलाख्याच्या फौजेची होती. सुमारे अडीच हजारांतील जवळपास हजार माणसे पडली. ६६ व्या ब्रिटिश पलटणीचे उरलेसुरले शिपाई, मुंबई ग्रेनेडियर्समधील काही जण आणि बॉम्बे सॅपर्सची एक छोटी तुकडी बागांच्या आडोशाने अखेरपर्यंत झुंजली. (हे सॅपर्स म्हणजे आपल्या खडकीचे.)

बातमी कळताच जनरल रॉबर्ट्स काबूलहून दहा हजार सैन्यानिशी निघाला. त्यात बहुसंख्य हिंदी शिपाई होते. ऐन ऑगस्टच्या उन्हात सुमारे ५०० किलोमीटर अंतर त्यांनी तीन आठवड्यांत कापले आणि १ सप्टेंबरला अयूबखानाचा पराभव केला. चालले शिपाई, ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ ही पदवी मात्र सेनापतीची.

१९११ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे अर्नॉल्ड लन याने स्कीची शर्यत भरवली. लनचा जन्म मद्रासचा, वडील मिशनरी. हिमनदीवरून थेट गावापर्यंत उतरायचे. आखलेला मार्ग नाही, निशाणे नाहीत. या शर्यतीचा करंडक वृद्ध रॉबर्ट्सने दिला आणि त्याच्या पदवीतले शहर करंडकाला चिकटले. १९२४ मध्ये म्युरेन येथे ‘कंदाहार स्की क्लब’ निघाला.

१९२८ मध्ये लन आणि ऑस्ट्रियन स्कीगुरू हानेस श्नायडर यांनी सेंट अँटनला ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, नाझीविरोधी श्नायडरला अटक झाली. लनने त्या वर्षीची शर्यत रद्द केली. मित्र कोठडीत असताना त्याच्याच गावी शर्यत घेणे त्याला मान्य नव्हते. पुढच्याच वर्षी श्नायडर अमेरिकेत गेला, तो तिथलाच झाला.

युद्धानंतर ही शर्यत गावोगाव फिरू लागली आणि जाईल तिथल्या उताराला नाव देत गेली. गार्मिशला ती १९५४ मध्ये आली. २०११ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील बहुतेक शर्यतीही तिथल्या ‘कंदाहार’वर झाल्या.