आसाचा अकालमृत्यू : चरकसंहिता, जीप आणि पुढच्या चाकाचे बेअरिंग

१/ गेल्या श्रावणात आमच्या जुन्या एसयूव्हीच्या पुढच्या भागातून घरघर ऐकू येऊ लागली. गणपतीसाठी आजीला घेऊन कोकणात जायचे होते, म्हणून दुरुस्ती टाळणे शक्य नव्हते. त्या घरघरीचे मूळ कळंबोलीतील एका लहानशा गॅरेजमध्ये सापडले. तिचा इतिहास मात्र दोन हजार वर्षे मागे घेऊन गेला. आजचा थ्रेड त्या प्रवासाविषयी.

२/ प्रथम आमची चूक सांगतो. आवाज टायरचाच, असे आम्ही घरीच ठरवले आणि पुढचे दोन्ही टायर बदलले. पैसे गेले, आवाज राहिला. पुरावा न तपासता निष्कर्ष काढू नये, हे एम. ए.च्या पहिल्याच सत्रात शिकवतात. गाडीच्या बाबतीत तो धडा मला आठवला नाही.

३/ मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी बाबांना मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवायला सांगितली आणि स्वतः शेजारी बसले. वेग वाढला की आवाज वाढत होता. चालत्या गाडीचा गिअर न्यूट्रल केल्यावर इंजिन शांत झाले, पण घरघर तशीच राहिली. म्हणजे दोष इंजिनात नव्हता. गाडी अलगद डावीकडे वळली की भार उजव्या चाकावर जातो. त्या क्षणी आवाज चढला. "उजवं पुढचं," एवढेच ते म्हणाले.

४/ तरीही त्यांनी लगेच हब उघडला नाही. जॅक लावून गाडी घोडीवर टेकवली. टायर वरून आणि खालून धरून हलवला, तेव्हा चाक किंचित डुगडुगले. मग बाबांना ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. डुगडुग थांबली. ती थांबली नसती, तर संशय बॉल जॉइंटवर गेला असता. शेवटी स्प्रिंगवर बोटे टेकवून चाक हाताने फिरवले. खरखर बोटांना जाणवत होती. चार स्वतंत्र साक्षी, आणि चारही एकाच आरोपीकडे बोट दाखवणाऱ्या.

५/ बेअरिंग बाहेर आल्यावर मिस्त्री म्हणाले, "याचं वय झालं नव्हतं. हे मारलं गेलंय." हे वाक्य ऐकताच चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय आठवला. तेथे अग्निवेश गुरू आत्रेयांना विचारतो की मृत्यूचा काळ ठरलेला असतो, की अकाली मृत्यूही असतो? आत्रेय उत्तरासाठी दृष्टान्त निवडतात तो गाडीच्या आसाचा.

६/ उत्तराचा आशय असा. चांगल्या लाकडाचा, नीट बसवलेला आस यथाकाल झिजून संपतो. तो त्याचा कालमृत्यू. पण तोच आस अतिभाराने, खडबडीत वाटेने, आडरानात गाडी घातल्याने, चाक मोडल्याने, वाहनाच्या किंवा हाकणाऱ्याच्या दोषाने, खीळ निसटल्याने, वंगण न मिळाल्याने किंवा आदळआपट झाल्याने मध्येच मोडतो, तो अकालमृत्यू. माणसाच्या आयुष्याचेही तसेच.

७/ वैद्यकाच्या ग्रंथातील हा दृष्टान्त तंत्रज्ञानाच्या इतिहासाचेही साधन आहे. आस का मोडतो याची इतकी नेमकी यादी गाडीवाने आणि सुतार यांच्या अनुभवाशिवाय तयार होणार नाही. त्या लोकांची नावे आपल्याकडे उरली नाहीत. त्यांचे निरीक्षण मात्र वैद्यांनी जपले.

८/ आपल्या बैलगाडीत आस स्थिर असे आणि चाकाचा तुंबा त्यावर घासत फिरे. हे घर्षण कमी करण्याचा एकच उपाय होता : वंगण. वंगण संपले की चाक करकरू लागे आणि ती करकर गाडीवानाला थांबण्याची सूचना असे. घासण्याच्या जागी लोटण्याची, म्हणजे मध्ये गोळ्या किंवा रूळ घालण्याची कल्पना जुनी आहे; परंतु ती रोजच्या चाकात टिकण्यासाठी कठीण पोलाद आणि एकसारख्या मापाच्या गोळ्या हव्या होत्या.

९/ १७९४ मध्ये वेल्समधील कार्मार्दनच्या फिलिप वॉन या लोखंड कारखानदाराने घोडागाडीच्या आसासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. १८८३ मध्ये जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीडरिश फिशर यांनी पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारे यंत्र तयार केले. बेअरिंग मोठ्या संख्येने बनवणे त्यानंतर शक्य झाले.

१०/ आमच्या गाडीच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १८९८. अमेरिकेतील घोडागाड्या बांधणारे हेन्री टिमकेन यांनी त्या वर्षी निमुळत्या रुळांच्या, म्हणजे टेपर रोलर बेअरिंगचे पेटंट मिळवले. सरळ जाताना चाकावर भार वरून येतो, वळताना तो बाजूने ढकलतो. निमुळता रूळ दोन्ही भार पेलतो. म्हणून जुन्या पद्धतीच्या हबमध्ये अशी दोन बेअरिंगे समोरासमोर तोंड करून बसवलेली असतात, एक आतले आणि एक बाहेरचे.

११/ हा लहानसा भाग किती मोलाचा, हे १९४३ मध्ये जगाने पाहिले. जर्मनीचा युद्धोद्योग लंगडा करण्यासाठी अमेरिकी विमानांनी श्वाइनफुर्टच्या बेअरिंग कारखान्यांवर १७ ऑगस्ट आणि १४ ऑक्टोबर रोजी हल्ले केले. १४ ऑक्टोबरच्या एकाच दिवशी ६० बॉम्बफेकी विमाने परतली नाहीत. रणगाडा, विमान, ट्रक, सगळे याच गोळ्यांवर आणि रुळांवर फिरत होते.

१२/ त्याच युद्धात घडलेली विलिस जीप पुढे मुंबईत आली. १९४५ मध्ये 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी स्थापन झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. माझगावात सुट्या भागांतून जीप जोडल्या जाऊ लागल्या. जीपच्या पुढच्या हबमध्येही टेपर रोलरची जोडीच होती. सुरुवातीला बेअरिंगे परदेशातून येत. पुढे जयपूर, आणि १९६०च्या दशकात चिंचवड, अशी देशी उत्पादनाची केंद्रे उभी राहिली. आमची एसयूव्ही या घराण्यातलीच.

१३/ आता पुन्हा कळंबोलीकडे. मिस्त्रींनी जुने बेअरिंग डिझेलने धुतले आणि उजेडात धरले. धातूवरील खुणा वाचता येतात, हे मला तेव्हा कळले. निळसर झाक असेल तर बेअरिंग तापले : वंगण कमी किंवा नट फार आवळलेला. रुळांच्या अंतराने उमटलेले दबके असतील तर जोराचे आघात बसले. पृष्ठभागाचे टवके निघाले असतील तर भार आणि थकवा. तपकिरी डाग असतील तर आत पाणी गेले. आत्रेयांच्या यादीतली निम्मी कारणे त्या बोटभर पोलादावर ओळखता येतात.

१४/ आमच्या बेअरिंगवर तपकिरी डाग होते आणि ऑइल सीलची कड फाटलेली होती. आदल्या वर्षी भरतीच्या वेळी कोसळलेल्या पावसात आमची गाडी हबपर्यंत पाण्यात उभी होती. नवी मुंबईचा मोठा भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भर घालून उभारलेला आहे; म्हणूनच सिडकोला भरतीच्या वेळी पावसाचे पाणी साठवणारे तलाव योजावे लागले. आमच्या बेअरिंगच्या मृत्यूत या भूगोलाचाही वाटा होता. पाणी ओसरल्यावर हब उघडून वंगण बदलायला हवे होते. ते आम्ही केले नाही, हा 'हाकणाऱ्याचा दोष'.

१५/ बदलण्याची रीत थोडक्यात. चाक आणि ब्रेकचा कॅलिपर काढला. कॅलिपर तारेने टांगला, नळीवर लोंबकळू दिला नाही. टोपी, स्प्लिट पिन, नट आणि मग हब. हबमध्ये घट्ट बसलेल्या जुन्या कड्याही पितळी दांड्याने सर्व बाजूंनी समान ठोकून काढल्या. जुन्या कडीत नवे रूळ घालायचे नसतात. ते एकमेकांसाठी घासलेले असतात. नवी कडी तळाला टेकली तेव्हा हातोड्याचा आवाज बदलला. मिस्त्री त्या आवाजाचीच वाट पाहत होते.

१६/ तळहातावर ग्रीस घेऊन त्यांनी ते बेअरिंगच्या रुंद बाजूने आत दाबले, इतके की रुळांमधून पलीकडे येईपर्यंत. नवे सील बसवले. हब फिरवत फिरवत नट आवळला, मग सैल केला आणि शेवटी जेमतेम बोटांच्या जोराने टेकवला. फार आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुगडुगते. स्प्लिट पिन नवीन घातली. आत्रेयांच्या यादीतली निसटणारी खीळ ती हीच. बैलगाडीतही आणि आमच्या गाडीतही चाक अखेर एका खिळीच्या भरवशावर असते.

१७/ चतुर्थीच्या आदल्या रात्री निघालो. महाडला चहासाठी थांबलो तेव्हा बाबांनी दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याला हात लावून पाहिला. दोन्ही सारखेच कोमट होते. आजी मागच्या सीटवर झोपली होती. महिनाभरात प्रथमच गाडीत बोलताना आवाज चढवावा लागला नाही.

१८/ एक विनंती. तुमच्या गावी आसाला, तुंब्याला, खिळीला आणि वंगणाला कोणते शब्द आहेत? घरात गाडी हाकलेले कोणी असेल तर त्यांना विचारून, जिल्ह्याच्या नावासह खाली लिहा. ग्रंथ आसाविषयी सांगतात, पण तो रोज हाताळणाऱ्यांचे शब्द घरोघरी विखुरलेले आहेत आणि ते जाणणारी पिढी आता थकली आहे.