राजघराण्याचा वार्ताहर

राजे, राण्या, त्यांचे वारस आणि दरबार यांच्या बातम्या देणे हेच ज्याचे नेमून दिलेले काम, असा पत्रकार. दूरचित्रवाणीवर हे पद मुख्यतः ब्रिटनमध्ये रुजले. मराठी मुलुखात ते कधी निर्माण झाले नाही. मात्र राजवाड्याच्या बातमीपायी तुरुंगात गेलेल्या पत्रकारांत टिळक आणि आगरकर यांची नावे आहेत. म्हणून मराठी वाचकाने या पेशाचा विचार लंडनइतकाच कोल्हापूरपासूनही करायला हवा.

२ जून १९५३ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये एलिझाबेथ राणीचा राज्याभिषेक झाला. ॲबेत कॅमेरे नेण्यास चर्चिल यांच्या मंत्रिमंडळाचा आधी विरोध होता. तो मागे पडला, तरी तैलाभिषेकाचा विधी दाखवला गेला नाही. बीबीसीवर रिचर्ड डिंबलबी यांनी केलेले या सोहळ्याचे निवेदन ब्रिटनमध्ये सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिले. दूरचित्रवाणीवरील राजवार्तेचा पाया तिथे घातला गेला. त्या काळी निवेदकाचा सूर आदराचा असे आणि प्रश्न विचारणे हे त्याचे काम मानले जात नसे.

पुढच्या पिढीचे काम पालटले. जेनी बाँड १९८९ ते २००३ या काळात बीबीसीच्या राजघराणे-वार्ताहर होत्या. १९९२ मधील विंडसरची आग आणि चार्ल्स-डायना यांचे विभक्त होणे, १९९७ मधील डायनाचा मृत्यू, २००२ मध्ये राणीच्या आईचे निधन, हे सारे त्यांच्या कारकिर्दीत घडले. या कामाची एक मोठी अडचण आहे. राजवाडा मोजक्याच पत्रकारांना आत घेतो आणि त्यांनी आणलेला मजकूर व चित्रे इतरांना वाटून घ्यावी लागतात. राजघराण्यातील व्यक्ती प्रश्नांना क्वचितच उत्तर देतात. त्यामुळे वार्ताहराची भिस्त वाड्याच्या प्रसिद्धी कचेरीवर, आतल्या माणसांच्या कुजबुजीवर किंवा हाती आलेल्या कागदांवर राहते. यांतला कागद सर्वांत धोक्याचा, आणि कोल्हापूर प्रकरण त्याचा जुना पुरावा आहे.

कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम १८७० मध्ये युरोपच्या प्रवासात फ्लॉरेन्स येथे वारले. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज वयाने लहान होते. पुढे त्यांना वेडसर ठरवण्यात आले आणि कारभार दिवाण माधवराव बर्वे व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती राहिला. महाराजांना मारहाण होते, त्यांचे हाल केले जातात, अशा वार्ता पुण्यात येऊ लागल्या. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे जानेवारी १८८१ मध्येच सुरू झाली होती. ‘केसरी’चे संपादक आगरकर, ‘मराठा’चे टिळक. दोघांनीही दिवाणांवर कडक टीका केली आणि बर्वे यांची म्हणून हाती आलेली पत्रे छापली. बर्वे यांनी मुंबईत अब्रुनुकसानीचा खटला भरला. न्यायालयात ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी १७ जुलै १८८२ रोजी त्यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. आगरकरांना सव्विसावे वर्ष पूर्ण होऊन तीन दिवस झाले होते, टिळकांचे पूर्ण व्हायला सहा दिवस होते. खटला चालू असतानाच, मार्चमध्ये, या पत्रांचे एक संस्थापक विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले होते.

या प्रकरणातील एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. चिपळूणकरांनी ज्यांच्यावर जहरी टीका केली होती त्या जोतीराव फुले यांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी या संपादकांसाठी दहा हजारांचा जामीन दिला. मतभेद एवढे तीव्र असताना दाखवलेला हा मोठेपणा मराठी पत्रकारितेच्या इतिहासात दुर्मीळच म्हणावा लागेल. २६ ऑक्टोबरला दोघे सुटले तेव्हा लोकांनी त्यांचे जोरदार स्वागत केले. आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगातील त्या १०१ दिवसांवर पुस्तक लिहिले. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतरही त्यांनी तिथेच हाती घेतले होते.

पत्रे खोटी निघाली, पण महाराजांविषयीची काळजी खोटी नव्हती. २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरच्या किल्ल्यात, त्यांच्या देखरेखीवरील ग्रीन या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत वीस वर्षांचे महाराज मरण पावले. संपादकांची चूक कागद न तपासण्याची होती. प्रश्न विचारण्यात त्यांची काहीच चूक नव्हती.

हाच धडा त्या खटल्यानंतर ११३ वर्षांनी लंडनमध्ये उलट बाजूने समोर आला. नोव्हेंबर १९९५ मध्ये बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमात मार्टिन बशीर यांनी घेतलेली डायनाची मुलाखत ब्रिटनमध्ये दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिली. डायनापर्यंत पोहोचण्यासाठी बशीर यांनी तिच्या भावाला बनावट बँक-विवरणे दाखवली होती. १९९६ मधील अंतर्गत चौकशीने त्यांना निर्दोष ठरवले. २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती लॉर्ड डायसन यांच्या अहवालाने ही फसवणूक असल्याचे स्पष्ट केले आणि बीबीसीला माफी मागावी लागली. टिळक-आगरकर खोट्या कागदांनी फसले. बशीर यांनी ते कागद स्वतः करवून घेतले. दोन्ही प्रकरणे एका रांगेत बसवणे अन्यायाचे होईल.

संस्थानी दरबारापर्यंत पोहोचलेले आणखी एक प्रकरण मुंबईत घडले. १९२५ च्या जानेवारीत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला आणि इंदूर दरबारातून निघून आलेल्या मुमताज बेगमच्या निमित्ताने संशयाचा धागा इंदूरपर्यंत गेला. वर्तमानपत्रांनी हा खटला बारकाईने लावून धरला. १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर गादीवरून पायउतार झाले. त्याआधी, १९२२ मध्ये, संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणाऱ्या लेखनाला शिक्षा करणारे विधेयक केंद्रीय विधिमंडळाने नाकारले असतानाही व्हाइसरॉय लॉर्ड रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात ते कायद्यात आणले होते. बावला प्रकरणाची चर्चा या कायद्याच्या छायेतच झाली.

मराठी दूरचित्रवाणीवर राजघराण्याचा वार्ताहर का नाही, याचे उत्तर दोन तारखांत सापडते. डिसेंबर १९७१ मधील २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. कॅमेरा आला तेव्हा कायद्याच्या लेखी राजा उरला नव्हता. कोल्हापूरच्या दसरा चौकातले सीमोल्लंघन वाहिन्या आजही दाखवतात, पण ते काम तिथला नेहमीचा बातमीदार सांभाळतो. २०२४ मध्ये शाहू छत्रपती कोल्हापुरातून आणि उदयनराजे भोसले साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. या घराण्यांच्या बातम्या आता राजकीय वार्ताहरच देतो, आणि पुण्याच्या पत्रांना १८८१ मध्ये जे प्रश्न बंद वाड्याच्या बाहेरून विचारावे लागले, ते तो उमेदवाराला प्रचारसभेत समोरासमोर विचारू शकतो.